छप्पन्न, अडुसष्ट, अडुसष्ट, साठ

तुळिंजमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये देवघर सव्वा फुटाचं आहे आणि जुन्या कॉम्प्युटरांचं कपाट भिंतभर. यावरून ज्याला जे बोलायचं होतं ते बोलून झालंय. सासूबाई बोलल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात गाठून विचारलं, "वहिनी, भंगाराचं दुकान काढताय का?" सुरुचीने कोणालाच उत्तर दिलं नाही. दर दोन वर्षांनी चालता फोन फेकणारा माणूस शहाणा आणि चाळीस वर्षांचं मशीन दुरुस्त करून चालवणारी बाई वेडी, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी काय डोकं लावायचं.

कपाटात वहीएवढा, रबरी बटणांचा एक कॉम्प्युटर होता, जो टेपरेकॉर्डर जोडल्याशिवाय कामाचं काही करत नाही. टीव्ही गेमचे सात डबे होते. त्यांच्या पिवळ्या कॅसेटी होत्या, वर नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम छापलेले आणि आत मोजून सहा, तेच फिरून फिरून. नव्वद सालच्या पोरांना या कॅसेटींनी उघड उघड फसवलं, आणि एकानेही तक्रार केली नाही. सहा गेम पुरले. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. फुंकर मारून काही होत नाही हे सुरुचीला आता पक्कं माहीत आहे, तरी ती मारते.

तिचा नवरा श्रीरंग मूळचा कराडकडचा, बँकेत नोकरीला. आठवडाभर म्हणायचा, "हा कचरा एक दिवस मी खाली नेऊन ठेवणार," आणि रविवारी जेवण झालं की टँकच्या गेमला बसायचा.

"सुरुचे, तू माझीच भिंत फोडतेस."

"तू माझ्या गोळीला आडवा आलास. बँकेत पण असाच आडवा येतोस का लोकांना?"

पन्नाशीला टेकलेली दोन माणसं चौदा इंची टीव्हीसमोर मांडी घालून भांडतायत, बाहेर रिक्षांचा गोंधळ चाललाय, आणि आत टिंगटिंग वाजतंय. ज्याला हे सुख कळत नाही त्याला समजावूही नये.

एक नियम मात्र कडक होता. कपाट उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे, आणि चपला खोलीबाहेर. पाहुण्यांची मुलं आली तर लांबून बघायचं. "हात नाही लावायचा हं," असं सुरुची गोड आवाजात म्हणायची, पण त्या आवाजात पट्टी असायची.

नोकरी तिची वालीवला, स्टॅबिलायझर बनवणाऱ्या कंपनीत, टेस्टिंगला. सव्वीस वर्षं. चार पुरुषांच्या मधे एकटी बाई म्हणून लागली, आता त्या टेबलाची प्रमुख आहे. सोल्डरिंग गन तिच्या हातात लाटण्यासारखी फिरते. आणि हे सगळं, नोकरी, कपाट, रविवार, सगळं एका बाईमुळे, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. श्रीरंगलासुद्धा अर्धंच.

मे महिन्यात तुळिंजच्या भंगारवाल्याचा फोन आला. माणूस तिला पाच वर्षांपासून ओळखत होता. "मॅडम, आगाशी साइडला एक शाळा तोडतायत. कपाटातून एक डब्बा निघालाय. तुमच्या मतलबचा वाटतो. मी फोडला नाही."

मी फोडला नाही. या तीन शब्दांसाठी सुरुचीने त्याला मनातल्या मनात हात जोडले. शाळेच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी तो डबा खिडक्यांच्या गजांबरोबर वजनावर दिला होता.

दुकानात गेली. फिकट पिवळसर, जाडजूड मशीन, वर काळी बटणं आणि एक लाल रांग. बीबीसी. या नावाचे कॉम्प्युटर ऐंशीच्या दशकात बऱ्याच शाळांना मिळाले होते, म्हणून तिने घाई केली नाही. मशीन उचलून उजेडात धरलं. बटणांच्या फटीत लालसर काहीतरी घट्ट बसलं होतं. नखाने खरवडलं. कुंकू होतं. मशीन हलवलं तर आत बारीक खुळखुळलं.

अक्षता होत्या त्या. सुरुची तिथेच पत्र्याच्या डब्यावर बसली.

सन अठ्ठ्याऐंशी. ती सातवीत होती. सरकारी योजनेतून शाळेला कॉम्प्युटर मिळाला. त्यावर बीबीसी लिहिलेलं, त्यामुळे गावभर झालं की आता शाळेत लंडनच्या बातम्या लागणार. शिपाई जगन्नाथ अर्नाळ्याचा. तो रोज विचारायचा, "बाई, बातम्या कवा लागनार?" मुख्याध्यापकांनी पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून घेतली. खोलीला कुलूप. दाराबाहेर चपला काढायच्या, आत डोकावायचं आणि पुढे सरकायचं. शिकायचं बिकायचं काही नाही, दर्शन घ्यायचं. तीन महिने आख्खी शाळा त्या खोळीचं दर्शन घेत होती, आणि मुख्याध्यापक तालुक्याला कळवत होते की संगणक शिक्षण उत्तम चालू आहे.

रोझमेरी टीचर गणित शिकवायच्या. निर्मळच्या, लग्न न केलेल्या, आवाज घोगरा. मुंबईला कॉम्प्युटरचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग होतं ते बाकीच्यांनी टाळलं म्हणून त्यांच्या वाट्याला आलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की त्या जगन्नाथकडून किल्ली घ्यायच्या, सातवीच्या पाचसहा मुलींना आत घ्यायच्या आणि ती खोळ काढून स्वतःच्या पिशवीत कोंबायच्या.

"हात लाव," त्या म्हणायच्या.

"टीचर, मोडलं तर?"

"मोडलं तर माझं मोडेल. तू हात लाव."

सुरुचीच्या घरी तोवर कोणी तिला मिक्सरलाही हात लावू दिला नव्हता.

दसरा आला. शाळेत आदल्या दिवशी पाटीपूजन असायचं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, सगळीकडे १ आणि १. सुरुची म्हणाली, आपण कॉम्प्युटरवर काढू. टीचर म्हणाल्या, काढ. काढली, पण मशीनला इंग्रजी एकच येत होता, दाभणासारखा उभा. पडद्यावर सगळ्या सुया.

"टीचर, ही सरस्वती वाळलीय."

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी चौकटीची वही काढली. आठ घरं आडवी, आठ उभी. त्यात आपला, गाठ असलेला, शेपटीचा १ काढला. मग शिकवलं की प्रत्येक घराला किंमत असते, उजवीकडून एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. ज्या ओळीत जी घरं भरली त्यांची बेरीज करायची. पहिली ओळ बत्तीस, सोळा, आठ, म्हणजे छप्पन्न. असे आठ ओळींचे आठ आकडे झाले. ते मशीनला दिले, आणि इंग्लंडातून आलेल्या त्या डब्याने पडद्यावर मराठी एक काढला. सुरुचीने तो आणखी शंभर ठिकाणी छापला. सरस्वती भरली. टीचरनी ते सगळं टेपरेकॉर्डरवर एका कॅसेटीत साठवलं आणि वर नाव घातलं: सुरुची, ७ वी ब.

पाटीपूजनाच्या दिवशी पन्नास मुलं त्या खोलीत. पडद्यावर सरस्वती. मुख्याध्यापक नारळ आणायला ऑफिसात गेलेले. सुरुचीने घरून आणलेल्या करंड्यातलं कुंकू बटणांवर वाहिलं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. एक मिनिट गेलं असेल. मशीनच्या मागून फट्ट आवाज आला आणि पांढरा धूर सुटला. जळलेल्या मासळीसारखा वास. जगन्नाथने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पोरं किंचाळत बाहेर.

मुख्याध्यापक दारात उभे. हातात नारळ. "कुंकू कोणी घातलं यात?"

सुरुचीची बोटं लाल होती. तिने हात पाठीमागे घेतले.

"मी," रोझमेरी टीचर म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्ही कशाला कुंकू लावाल?"

"पाटीपूजन आहे ना? मी या शाळेत शिकवते ना?"

मुख्याध्यापक नारळ घेऊन परत ऑफिसात गेले, पण पुढे सगळे बोलले. कमिटीतले बोलले की हिने मुद्दाम केलं, पूजा नासवायला. चर्चच्या बाजूचे बोलले की हिला पूजा करायची गरज काय होती. बाईने दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. माफीनामा लिहून घेतला. गणित काढून शिवणकाम दिलं. कॉम्प्युटर कपाटात, कपाटाला कुलूप. त्या शाळेतल्या पुढच्या कित्येक वर्गांनी कॉम्प्युटर फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितला.

सुरुची गप्प राहिली. बारा वर्षांची होती, ठीक आहे. पण नंतर बावीसची झाली, बत्तीसची झाली, तेव्हाही गेली नाही. एकदा निर्मळला बसच्या खिडकीतून टीचर दिसल्या, छत्री घेऊन उभ्या. सुरुचीने मान खाली घालून चप्पल नीट केली. चप्पल नीटच होती.

मशीन घरी आणलं. रविवारी सकाळी आंघोळ करून ती ते उघडायला बसली, म्हणजे श्रीरंगच्या भाषेत ऑपरेशनला. बटणांखाली कुंकू, किड्यांनी पोखरलेले तांदूळ, एक वाळकी पाल. ब्रशने झाडलं, स्पिरिटने पुसलं. कुंकवाखालची सर्किटची पट्टी बघितली, तांब्याच्या रेघा बघितल्या. स्वच्छ. ना जळल्याचा डाग, ना गंज. तिला कळेना. मग तिने वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा उघडला, आणि तोच वास. छत्तीस वर्षांनी, जळक्या मासळीचा.

हा वास तिच्या टेबलावर महिन्यातून एकदा येतो. मेनवरचा छोटा कपॅसिटर. त्याचं पिवळं कवच जुनं झालं की तडकतं, आत दमट हवा शिरते आणि एक दिवस तो फुटतो. भरपूर धूर करतो, पण बाकी कशाला धक्का लावत नाही. वीस रुपयांचा पार्ट. कुंकवाचा काही संबंध नाही. ती पूजा झाली नसती तरी तो फुटणारच होता.

तिने तो काढून नवा टाकला. इतर दोन-चार ठिकाणी तपासलं. मग वायर लावली.

भूऽऽ, बीप.

पडद्यावर अक्षरं आली, आणि खाली वाट बघणारी ती लहान रेघ.

"चाललं की," श्रीरंग दारातून म्हणाला. चपला बाहेर काढून.

"हे बंद पडलंच नव्हतं," सुरुची म्हणाली. "तो फुटल्यावरसुद्धा मशीन चाललं असतं. कोणी नुसतं परत बटण दाबून बघितलं असतं ना, तर चालू झालं असतं. छत्तीस वर्षं कोणी बटण दाबलं नाही."

मग ती त्या सगळ्यांना अशा शिव्या देऊ लागली की श्रीरंगने खिडकी लावून घेतली. शिव्या संपल्या तेव्हा तिने त्याला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली.

"त्या आहेत का अजून?"

"आहेत. ऐंशीच्या असतील."

"मग जाऊन सांग."

"काय सांगू? की टीचर, तुम्ही माझ्यासाठी सगळं घालवलंत, आणि ते कशाहीसाठी नव्हतं? माझा गुन्हाच नव्हता, तो तुम्ही अंगावर घेतलात? बरं वाटेल त्यांना ऐकून?"

श्रीरंगने खिडकी परत उघडली. "बरं वाटेल की नाही ते त्यांचं त्या बघतील. तू आधी कबूल तर हो. आभार तर मान. का तेही मीच जाऊन करू?"

पुढच्या शनिवारी दुपारी ते निघाले. स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागी चौदा इंची टीव्ही, त्याला श्रीरंगने गुडघ्यांनी आवळलेलं, मागे सुरुची, मांडीवर कॉम्प्युटर, ओढणीत गुंडाळलेला. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, "हुंडा परत करायला चाललात का?" श्रीरंग म्हणाला, "बायको पण परत करतोय." सुरुचीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग ओढणीची गाठ परत एकदा तपासली.

निर्मळला केळीच्या वाडीमागे बैठं घर, अंगणात क्रूस, त्याला झेंडूची माळ. टीचर ओट्यावर सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधत बसल्या होत्या. बारीक झालेल्या, चष्मा जाड. सुरुचीने नाव सांगितलं.

"सातवी ब," टीचर म्हणाल्या. "उशीर केलास."

आत टेबलावर मशीन ठेवलं. ओढणी काढली. टीचर उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी बोटाने बटणांवरून हात फिरवला. सुरुचीने ठरवून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. कुंकू मी वाहिलं होतं, टीचर. माझे हात लाल होते, मी लपवले. तुम्ही नाव घेतलं नाहीत. माझं घर, माझी नोकरी त्या शनिवारांवर उभी आहे, आणि मी तुमच्याकडे एकदाही आले नाही. मग कपॅसिटरचं सांगितलं. फुटलेला पार्ट एका डबीत आणला होता, तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

टीचरनी तो चष्म्याजवळ नेऊन बघितला. "एवढाच?"

"एवढाच."

"कुंकवाने नाही?"

"नाही."

"आणि पाण्याने?"

सुरुची थांबली. "कुठलं पाणी?"

टीचर खुर्चीत बसल्या. "त्या दिवशी सकाळी मी लवकर आले होते. म्हटलं, पहिल्यांदा एवढ्या पोरांसमोर चालवायचंय, धड चालू दे. चर्चमधून पवित्र पाण्याची बाटली आणली होती. चार थेंब शिंपडले. वरती, जिथे हवा जायला फटी आहेत ना, तिथे." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "धूर आला तेव्हा मला वाटलं, रोझमेरी, जाळलंस तू."

श्रीरंगच्या तोंडून हसू फुटलं, त्याने खोकल्यात लपवलं.

"म्हणून तुम्ही 'मी' म्हणालात?"

"हो. म्हणजे मी तुला वाचवलं असं जे तू धरून बसलीस ते अर्धंच खरं आहे."

"पण त्यांनी कुंकवाचं विचारलं होतं. तुम्ही पाण्याचं सांगितलं नाहीत."

"पाणी म्हटलं असतं तर त्यांनी पाण्यासाठी मला धरलं असतं आणि कुंकवासाठी तुला. दोघी गेलो असतो. तुझे हात मला दिसत होते." त्या पार्ट डबीत ठेवत म्हणाल्या, "छत्तीस वर्षं कन्फेशनला गेले तर सांगायला हे एक पाप हक्काचं होतं. तेही नेलंस."

आणि मग त्या हसायला लागल्या. घोगरं, लांब, थांबता थांबेना असं हसणं. सुरुची हसली, मग रडली, मग तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. टीचरनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "उठ. चालू कर ते. आला कशाला होतात, ओझं दाखवायला?"

टीव्ही जोडला. भूऽऽ, बीप. टीचरनी डोळे मिटून तो आवाज ऐकला.

"ती कॅसेट आहे का, टीचर?"

"आहे. पण भावाला, अँथनीला, वाटलं खरखरते म्हणजे खराब झालीय. त्याने तिच्यावर पुतणीच्या लग्नातला बँड भरला. तुझ्या सरस्वतीवर आता अर्धा तास ट्रम्पेट आहे."

सुरुचीचा चेहरा पडला. सगळ्या वाटेत तिच्या मनात तेच होतं, ती सरस्वती पडद्यावर दाखवायची. बाकीचं पुन्हा जुळवता आलं असतं, पण ते आठ आकडे कुठून आणायचे. घरी चौकटीच्या वहीवर बसून काढता आले असते, पण मग ते तेच आकडे नसते.

"लिही," टीचर म्हणाल्या. "छप्पन्न."

सुरुचीने वर बघितलं.

"छप्पन्न, अडुसष्ट, अडुसष्ट, साठ. चार, चार, दोन, एक. लिही ना. बघतेस काय?"

"तुम्हाला पाठ आहेत?"

"शिवणकामाच्या तासाला करायचं काय? पोरी तुरपाई घालायच्या, मी मनात हेच म्हणायचे. रोझरीच्या जपासारखं. बँकेने कार्डाला चार आकडी पिन मागितला तेव्हा छप्पन्न अडुसष्टच दिला." त्यांनी श्रीरंगकडे बघितलं. "आता तुम्ही बँकेत आहात म्हणालात. बदलावा लागेल."

"मी ऐकलंच नाही, टीचर," श्रीरंग म्हणाला.

सुरुचीने आकडे टाइप केले. छापायला सांगितलं. पडद्यावर भलतीच एक आडवी रेघ आली.

"मोड चार," टीचर मागून म्हणाल्या, सातवीत म्हणायच्या तशाच. "आधी पडद्याचा मोड बदलायचा, मग चित्र. तेव्हाही विसरायचीस."

मोड बदलला. पडदा कोरा झाला. सुरुचीने बटण दाबलं आणि डाव्या कोपऱ्यात, काळ्यावर पांढरा, गाठ आणि शेपटी असलेला, तो आला.

१

टीचरनी काचेवर बोट ठेवलं, त्या आकड्यावर. बोट काढल्यावर धुळीत ठसा राहिला.

चहा झाला, सुकेळीची दोन बंडलं बांधून मिळाली. निघताना सुरुची म्हणाली, "हे तुमच्यासाठी आणलंय. ठेवा इथे." कपाटातली एक वायरसुद्धा कोणाला न देणारी बाई हे म्हणाली. श्रीरंगने तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघितलं.

"मला नको," टीचर म्हणाल्या. "मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालीन. तुझ्याकडे कपाट आहे म्हणालीस ना, मोठं? मुलं येतात बघायला?"

"येतात."

"हात लावू देतेस?"

सुरुचीला खोटं बोलता आलं असतं. या बाईसमोर ती एकदा गप्प राहिली होती, तेवढं पुरे होतं. "नाही," ती म्हणाली. "चपलासुद्धा बाहेर काढायला लावते."

टीचरनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग टेबलावरची ओढणी उचलून त्यांनी घडी घातली आणि सुरुचीच्या नव्हे, स्वतःच्या पिशवीत कोंबली.

परत येताना कॉम्प्युटर उघडाच होता तिच्या मांडीवर. सोपाऱ्याच्या पुलावर धूळ उडत होती, ती बटणांवर बसत होती, आणि तिने ती पुसली नाही. घरी येऊन मशीन कपाटात न ठेवता खिडकीखालच्या टेबलावर मांडलं. सेक्रेटरीची नात जिन्यात खेळत होती, तिला हाक मारली. पोरगी उंबऱ्याशी आली, सवयीने चपला काढायला वाकली.

"राहू दे," सुरुची म्हणाली. "ये. हात लाव."

"मोडलं तर?"

स्वयंपाकघरातून श्रीरंग सुकेळीचा चिकट हात चाटत बाहेर आला आणि उत्तर ऐकायला थांबला.